माळवदावरची टाकी

काय काम करतेस असं कोणी विचारलं की मी "कॉम्प्युटरवरचं" एवढंच सांगते. खरं सांगायला गेलं की ऐकणाऱ्याचं लक्ष दुसऱ्या मिनिटाला उडतं. उपग्रहाने काढलेली जमिनीची चित्रं माझ्याकडे येतात. चित्र चौकोनांत विभागलेलं असतं, एक चौकोन म्हणजे जमिनीवरचे दहा मीटर बाय दहा मीटर. एकेक चौकोन बघायचा आणि ठरवायचं: पक्कं की मोकळं. घर, रस्ता, फरशी, काँक्रीट असेल तर पक्कं. शेत, गवत, माती, तळं असेल तर मोकळं. आम्ही दिलेल्या उत्तरांवर यंत्र शिकतं आणि मग सगळ्या उष्ण पट्ट्यात बांधकामाखाली किती जमीन गेली त्याचा नकाशा ते स्वतःच करतं. म्हणजे आम्ही मास्तर आणि यंत्र विद्यार्थी. मला हे बरं वाटलं होतं, कारण त्याआधी मी कॉलेजात तासिका तत्त्वावर भूगोल शिकवत होते आणि एका जूनमध्ये तासिकाही संपल्या आणि तत्त्वही.

जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर माझा फ्लॅट आहे. एकटीच राहते. लग्न झालं नाही, का झालं नाही ते आता मलाही नीट आठवत नाही. सकाळी नऊला बसले की उठते ती पाण्याच्या दिवशी. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं, आणि त्या दिवशी सगळा जिना जागा होतो. समोरच्या बाई दार उघडून विचारतात, "तुमचं भरलं का?" मी म्हणते, "भरलं." कधी कधी आठवडाभरात तोंडातून निघालेला तेवढा एकच शब्द असतो. कामावरचे सहकारी मला नंबरांनी माहीत आहेत. मीही एक नंबरच. तेवीसने आजारी म्हणून रजा घेतली तर तेवीस बाई आहे की बाप्या, हेसुद्धा मला कळत नाही, आणि तरी त्या दिवशी मी तेवीसची काळजी करत बसते. आता हसू येतं, पण तेव्हा करायचे.

कामाचे दोन नियम. पहिला: जिथे पडलेलं पाणी जमिनीत मुरत नाही, ते पक्कं. दुसरा: चित्रात दिसेल ते लिहा, माहीत असेल ते लिहू नका. प्रत्येक चौकोन दोघांकडे जातो, दोघांचं जमलं नाही की तिसऱ्याकडे. मी तिसऱ्यांतली. भांडणं सोडवणारी. आफ्रिकेतली पत्र्याची घरं, ब्राझीलमधल्या लाल रस्त्यांच्या वस्त्या, जावा बेटावरची कौलं, सगळ्यांचा निकाल मी सोलापुरात पंख्याखाली बसून लावला आहे. आमच्या भागात मात्र यंत्राची फार फजिती होते. एप्रिल-मेमध्ये इकडची नांगरलेली रानं, उघडा मुरूम आणि काळा खडक वरून डांबरासारखे दिसतात. यंत्र आख्ख्या शिवाराला शहर समजतं. आणि जी खरोखरची घरं आहेत, माळवदाची, त्यांना माती समजतं.

माळवदाचं घर ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. भिंती दगडमातीच्या, वर लाकडी तुळया, त्यांवर फळ्या नाहीतर काटक्या-पाला, आणि सगळ्यावर हात-दीड हात मातीचा सपाट थर. तेच छप्पर. मध्ये उजेडाला आणि धुराला एक भोक ठेवतात, त्याला आमच्याकडे साणं म्हणतात. दर उन्हाळ्यात माळवदावरचं गवत उपटून पांढऱ्या मातीचा नवा थर द्यावा लागतो. ती माती चिकट, चोपून बसवली की पाणी धरत नाही, पन्हळीतून सरळ खाली टाकते. नाही दिला थर तर गळतं. दोन वर्षं नाही दिला तर खोलीच खाली येते.

अशा घरात मी वाढले. होटगीच्या पुढे तासाभरावर आमचं गाव आहे. अप्पा रेल्वेत गँगमन होते, रुळांवर हातोडा घेऊन फिरून त्यांचं आयुष्य गेलं, आणि त्या नोकरीतनं त्यांच्या अंगात दोन गोष्टी राहिल्या. एक म्हणजे घड्याळ न बघता वेळ सांगणं आणि दुसरी म्हणजे कोणाला मदतीला न बोलावणं. अव्वा, म्हणजे माझी आई, गेल्यावर मी त्यांना म्हटलं, सोलापूरला चला. ते नाही म्हणाले. मग म्हटलं, निदान माती काढून वर स्लॅब घाला, मी बघते पैशांचं. त्यालाही नाही. अव्वाच्या वर्षश्राद्धाला पुन्हा तोच विषय निघाला. पाहुणे गेले होते, भांडी पडली होती, मी दमले होते, आणि मी म्हणाले, "मग बसा त्या मातीखाली. पडलं एखाद्या दिवशी अंगावर तर मला बोलवू नका."

भांडी घासून मी शेवटच्या गाडीने परत आले.

बोलणं तुटलं असंही नाही. सणाला मी फोन करायचे. ते कानडीत विचारायचे, "ऊटा आतेन?" जेवण झालं का, एवढंच. मी म्हणायचे, झालं. मग दोघंही फोन कानाला लावून गप्प, आणि शेवटी तेच म्हणायचे, "बरं, ठेव." त्यांच्याकडून फोन कधी आला नाही. दीड वर्षात एकदाही नाही. मला राग यायचा. एवढं काय ते मनाला लावून घ्यायचं, असं मी रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणायचे. आपणही गावी गेलो नाही, हे मात्र मोठ्याने म्हणायचे नाही.

जायच्या ऐवजी मी बघत होते. दर पाच दिवसांनी उपग्रह डोक्यावरून जातो आणि ती चित्रं कोणालाही फुकट बघता येतात. आमचं घर त्यात एक चौकोन आणि शेजारच्या चौकोनाचा थोडा भाग एवढंच. दार नाही, अंगण नाही, एक करडा ठिपका. पण गेल्या मे महिन्यात तो ठिपका पाच दिवसांत पांढुरका झाला आणि मला एकदम कळलं की अप्पांनी थर दिला. मी खुर्चीतून उठले, चहा केला, कोणाला सांगावं म्हणून इकडेतिकडे पाहिलं आणि परत बसले. त्यानंतर दर पाच दिवसांनी तो चौकोन उघडायची सवयच लागली. वडिलांची खुशाली अशी कळते, असं मी स्वतःला पटवलं होतं. फार सोयीचं होतं ते.

या वर्षी मे उजाडला, ठिपका करडाच. महिन्याच्या मध्यावर करडाच. वळवाचे दोन पाऊस झाले, त्यानंतर कडेला बारीकशी हिरवट झाक दिसली. म्हणजे माळवदावर गवत उगवलं होतं आणि ते कोणी उपटलं नव्हतं. जून लागला की इकडे ढग येतात, आणि ढग आले की उपग्रहाला खालचं काही दिसत नाही. दसऱ्यापर्यंत नुसता कापूस. मी दिवस मोजायला लागले. आणखी तीन चित्रं मिळतील. मग दोन. रोज सकाळी वाटायचं फोन करावा, आणि करून विचारायचं काय? तुमचं छप्पर मला वरून बरं दिसत नाही, असं? त्यांना मी बघते हेच माहीत नव्हतं. मला लाज वाटत होती. भीती तर वाटतच होती.

त्याच आठवड्यात आमचंच घर माझ्यापुढे निकालाला आलं. आमच्या तालुक्याचा भाग यादीत होता, त्यात तो चौकोन होता. एकाने लिहिलं होतं पक्कं, एकाने मोकळं. भांडण लागलं की सोबत त्या जागेची तीन बारीक चित्रंही येतात, दुसऱ्या उपग्रहाची, ज्यांत झाड वेगळं दिसतं, बैलगाडी वेगळी दिसते. पहिलं गेल्या उन्हाळ्याच्या शेवटचं, दुसरं दिवाळीनंतरचं, तिसरं चारच दिवसांपूर्वीचं. मी घर ओळखलं. दाराशी कडुनिंब होता, पन्हळ होती, साण्याचं काळं भोक होतं. पहिल्या दोन चित्रांत माळवदाच्या कोपऱ्यात, रस्त्याच्या बाजूला, आणखी एक काळा गोल ठिपका होता. तिसऱ्यात नव्हता.

शेरा लिहिणं भाग असतं. मी नियमाप्रमाणे लिहिलं: "सपाट छत. छतावर काळा गोल ठिपका, बहुधा पाण्याची टाकी. ताज्या चित्रात टाकी नाही." आपल्या बापाचं घर आहे हे मी त्या तीन वाक्यांत लागू दिलं नाही, आणि त्याचा मला थोडा अभिमानही वाटला.

पण निकाल देता येईना. पाणी मुरत नाही ते पक्कं. थर दिलेलं माळवद पाणी धरत नाही, म्हणून पक्कं. न दिलेलं गळतं. या वर्षी काय, ते चित्रात दिसत नव्हतं. आत भांडी लावून ठेवलीत का, खाट सरकवलीय का, खाटेवरचा माणूस उठतोय का, यातलं काही वरून दिसत नव्हतं. मी "नंतर"चं बटण दाबलं, पिशवीत कपड्यांचा एक जोड टाकला आणि सकाळची एसटी धरली. ती अकराला गावच्या फाट्यावर सोडते. कॉलेजात शिकत होते तेव्हापासून मी त्याच गाडीने जायचे.

दार उघडं होतं. अप्पा खाटेवर होते, उजवा गुडघा फडक्याने बांधलेला, खाट मधल्या खणातून भिंतीला सरकवलेली. आधी जिथे खाट होती तिथे एक घमेलं आणि एक पातेलं ठेवलेलं होतं. घमेल्यात वळवाचं गढूळ पाणी तसंच होतं. माझ्या मनात आलेलं सगळ्यात वाईट झालेलं नव्हतं, आणि मला सुटल्यासारखं होण्याऐवजी रडूच यायला लागलं.

अप्पांनी मान वर केली. "कोन? तू व्हय?" म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "ऊटा आतेन?"

"गुडघ्याला काय झालं?"

"शिडीवरनं सटकलो. तीन हप्ते झालं. सूज उतरलीया आता."

"तीन आठवडे? आणि मला फोन नाही केलात?"

ते खरंच गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. त्यांच्या मनात राग असता तर मला सोपं गेलं असतं. "तूच म्हनलीस की, बोलवू नका म्हनून," ते म्हणाले. "शेजारची पोरगी भाकरी टाकून जाती. अडलं न्हाय काय."

मी रागाच्या भरात टाकलेलं वाक्य त्या माणसाने सूचना म्हणून पाळलं होतं. रेल्वेत लाल झेंडी दिसली की थांबायचं, का म्हणून विचारायचं नाही, तसं. मी घमेलं उचलून बाहेर ओतलं, कारण आत थांबवेना. मग परत येऊन विचारलं, "या वर्षी माती नाही घातली?"

"कुटनं घालू? पांढरी गेली की."

पांढरी म्हणजे गावाबाहेरची जुनी टेकाडं. आजोबांच्या आधीपासून सगळं गाव माळवदाची माती तिथून आणायचं. "तितं प्लाटिंग पडलंय," अप्पा म्हणाले. "शिमिटाचे रस्ते केल्यात, दिव्याचे खांब रवल्यात. घर एक बी न्हाय. वाचमन माती उचलू देत न्हाय."

मला ते रस्ते माहीत होते. दिवाळीच्या सुमारास तो तुकडा माझ्याकडे आला होता. मोकळ्या पांढऱ्या जमिनीवर सरळ रेषांची जाळी, दहा-बारा चौकोन. पहिल्या दोघांचं जमलं नव्हतं, मला मात्र शंका नव्हती. मी एका बैठकीत सगळ्यांवर पक्कं असा शिक्का मारला होता, आणि काम भराभर उरकलं म्हणून त्या दिवशी लवकर जेवले होते. आपल्या घराच्या छपराची माती त्याखाली गेली हे माझ्या डोक्यातही आलं नाही. वर्षभर मी तो एक चौकोन जपत होते आणि शेजारचं काय चाललंय ते मीच लिहून देत होते.

हे मी अप्पांना सांगितलं नाही. कसं सांगणार? म्हटलं, ताडपत्री आणते.

होटगीहून ताडपत्री आणेपर्यंत दुपार कलली. रात्री तिथेच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी खाटेवरून हुकूम सोडले आणि मी शिडी लावून वर गेले. दीड वर्षाने मी माळवदावर पाय ठेवला. गवत घोट्याएवढं झालं होतं, माती भेगाळली होती. मी आधी गवत उपटलं. मग ताडपत्री पसरली, कडांना दगड ठेवले. पन्हळीकडे उतार राहील असं बघितलं. साण्याभोवती ताडपत्री कापून तेवढी जागा उघडी ठेवली, खाली उजेड पाहिजे म्हणून. पुढे त्या चौकोनाचा निकाल मी पक्कं असा दिला. पाणी मुरत नव्हतं, नियमात बसत होतं.

काम होत आलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपण टाकीची जागा शोधतोय. टाकी ठेवली की खाली गोल वण राहतो, चार विटा राहतात, नळीचा तुकडा राहतो. रस्त्याच्या बाजूच्या कोपऱ्यात तसलं काही नव्हतं. तिथे गोणपाट होतं, चौघडी घातलेलं, बसून बसून मध्ये दबलेलं. त्याच्याशेजारी अप्पांची काळी छत्री मिटून ठेवलेली होती, तीन आठवडे उन्हापावसात पडून काड्या गंजायला लागलेल्या.

माळवदावर पाण्याची टाकी कोणी ठेवत नाही. तो भार तुळयांना पेलत नाही. हे मला चौथीत असल्यापासून माहीत होतं, आणि तरी मी लिहून दिलं होतं, बहुधा पाण्याची टाकी.

मी साण्याशी वाकून विचारलं, "अप्पा, वर छत्री कशाला ठेवलीय?"

"ऊन लागतंय की," ते म्हणाले.

"वर बसता?"

"अकराची यष्टी दिसती तितनं. फाटा दिसतो सगळा." आणि मग, "घटकाभर बसायचं. गेली की उतरायचं. शिडीला पाय सटकल्यापासनं न्हाय जमलं."

बारीक चित्रांचा उपग्रहही अकराच्या सुमारासच जातो. त्या वेळी सावल्या आखूड असतात, चित्र स्वच्छ येतं. म्हणजे गेल्या उन्हाळ्यात आणि दिवाळीनंतर, ज्या मिनिटाला ती चित्रं निघाली, त्या मिनिटाला अप्पा या गोणपाटावर छत्री उघडून फाट्याकडे बघत बसले होते. मी सोलापुरात दार लावून त्यांची खुशाली छपराच्या रंगावरून ओळखत होते, आणि ते त्या चित्रात होते. तिसऱ्यात नव्हते, तर मी लिहिलं, टाकी नाही.

मी गोणपाटावर बसले. उन्हाने डोळे दिपत होते म्हणून छत्री उघडली, ती अर्धीच उघडली. तिथून खरंच सगळं दिसतं. कडुनिंबाच्या डावीकडून रस्ता येतो, पांढरीवरचे नवे खांब दिसतात, मग फाटा. धूळ दिसली, आणि एसटी येऊन थांबली.

खालून अप्पांचा आवाज आला. घड्याळ न बघताच त्यांना कळलं होतं. तोंडातून सवयीनंच गेलं असावं, कारण आवाजात नवं काही नव्हतं.

"आली का यष्टी?"

"आली."

"कोन उतरलं का?"

एक बाई पिशव्या घेऊन उतरली, एक म्हातारा चढला, आणि गाडी पुढे गेली. मग मी साण्यातून खाली वाकून म्हणाले, "उतरली की, अप्पा. कालच."